मज्जापेशी आणि तिची चिठ्ठी

यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रुईच्या गाठी रचलेल्या आपण पाहिल्या असतीलच. सगळ्या एकसारख्या! कोणती कुठल्या प्रतीची, हे गाठीवरच्या क्रमांकावरून वहीत पाहावे लागते. क्रमांक चुकला, तर रुई तीच राहते. हिशेब मात्र खोटा होतो.

मेंदूच्या अभ्यासकांपुढेही हाच प्रश्न आहे. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी तिच्या गंधज्ञानाचा अभ्यास केला. २०२४ साली अशा एका माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ मज्जापेशी आहेत, बरं का! नुसत्या आकृत्या पाहून त्या ओळखाव्यात कशा?

यासाठी ‘आर’ या संगणकीय भाषेत ‘नॅट’ नावाचा आज्ञावली-संच आहे. त्यात पेशींच्या आकृत्यांची यादी असते आणि तिला एक तक्ता जोडता येतो. एका पेशीला एक ओळ. ओळीत पेशीचा प्रकार, मेंदूची बाजू, माशी नर की मादी, अशी माहिती. गंधाच्या स्मृतीशी संबंधित २० पेशींचा नमुनाही संचाबरोबर मिळतो. ‘गॅमा प्रकारच्या तेवढ्या दे’ म्हटले, की संगणक तेवढ्याच काढून देतो.

खरी मेख पुढे आहे. समजा, आपण माहितीची नुसती रांग जोडली. संगणक ती क्रमानेच लावतो. २० पेशी आणि २० नोंदी, संख्या जुळली, की त्याची तक्रार नाही. मधल्या काळात कोणी तक्ता अकारविल्हे लावला असेल, तर डावीकडच्या पेशीला उजवीची चिठ्ठी लागते. आलेख सुबक येतो, निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असतो! म्हणून जोडणी क्रमाने न करता पेशीच्या ओळख-क्रमांकाने करावी.

पण हा क्रमांकही कायमचा नसतो. माशीच्या त्या नकाशाचे काम चालू असताना पेशीचा तुटलेला धागा जोडला, की तिला नवा क्रमांक मिळे आणि जुन्या क्रमांकावरची चिठ्ठी पोरकी होई. त्यावर उपाय असा, की चिठ्ठी पेशीतील एका ठराविक बिंदूशी बांधावी आणि नकाशाची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहून ठेवावे.

एवढे करूनही, शेवटी चार-पाच पेशी काढून चिठ्ठीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहाव्यात. गाठ घेणारा व्यापारीसुद्धा थोडी रुई ओढून पाहतोच, नाही का?