चौदा कॅरेटची एकदाणी

लेकीचं लग्न ठरलं की घरातली जुनी पेटी उघडली जाते. आमच्याकडेही तेच झालं. मी अकोल्याला, माहेर अमरावतीचं. मुलीची सुपारी फुटल्यावर दुसऱ्याच रविवारी आम्ही मायलेकी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलो आणि रिक्षानं थेट आईकडे. दागिने किती मोडायचे, किती नवे करायचे, हिशेब करायचा होता. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं. अशा वेळी घरातलं जुनं सोनं आठवणारच ना!

आईनं पलंगाखालची पेटी ओढून दिली. वर तिचा लग्नातला डाळिंबी शालू, आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला. खाली एक पितळी डबी. डबीत एकदाणी. एकच सर, सोन्याच्या गोल मण्यांची, मागे काळवंडलेला रेशमी गोफ. बस्स, एवढंच. आईच्या पाटल्या दादाच्या इंजिनीअरिंगला गेल्या, गोठ माझ्या लग्नात मोडले, पुतळ्यांची माळ वडिलांच्या दवाखान्यात गेली. बायकांचं सोनं असंच जातं. कुणाच्या फीमध्ये, कुणाच्या विहिरीत, कुणाच्या औषधात. आणि त्याची पावती कुणी ठेवत नाही.

"आजी, ही किती गोड आहे! मी हीच घालणार," लेक म्हणाली.

आईनं चटकन डबीचं झाकण लावलं. "राहू दे ते. खोटं हाये."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, रागावली की हमखास म्हणायची, "माहेरानं सोनं बी खोटं देल्लं!" गोष्ट १९७२च्या दुष्काळातली. कपाशी हातची गेली होती, घरात खाणारी तोंडं अकरा. वडिलांनी आईची एकदाणी गहाण ठेवायला सराफ्यात नेली. सराफानं कसोटीच्या दगडावर मणी घासला, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, यात जेमतेम निम्म्याच्या वर सोनं आहे. ठेवून फार काही येणार नाही. वडील तशीच परत घेऊन आले. त्या दिवसापासून ती एकदाणी खोटी झाली, आणि तिच्यासोबत आईचं माहेरही.

आईचं माहेर अकोट तालुक्यातलं. आबांची कोरडवाहू शेती. पाच मुली. त्यांनी लेकीला फसवलं की गावच्या सोनारानं त्यांना फसवलं, याचा उलगडा कुणीच केला नाही. आई दिवाळीला माहेरी जायची, दोन दिवस राहायची, पण बापाशी पूर्वीसारखी मोकळी बोलली नाही. त्यांना विचारलंही नाही. विचारायचं तरी कसं? "बाबा, तुम्ही मला खोटं सोनं दिलं का?" असं कोणती लेक विचारेल? आबा १९८०मध्ये गेले. विचारायचं राहूनच गेलं.

लेकीला मात्र हे पटेना. तिचा हट्ट, निदान एकदा तपासून तरी बघू. दुपारी ऊन कलल्यावर आम्ही तिघी सराफा बाजारात गेलो. पूर्वी कसोटीचा काळा दगड असायचा, आता काउंटरवर कॅरेट मीटर. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, मिनिटभरात पडद्यावर धातूंची टक्केवारी. त्यानं दोन-तीन मणी वेगवेगळे तपासले. प्रत्येक वेळी सोनं अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास, बाकी चांदी आणि तांबं.

आईनं मान खाली घातली. काउंटरवरचा मुलगा तरुण होता, तो म्हणाला, "आजी, घट बरीच जाईल." पण मागे गादीवर बसलेले त्याचे वडील उठून पुढे आले. त्यांनी एकदाणी हातात घेतली, मणी फिरवून पाहिले आणि विचारलं, "आजी, लग्न कोणत्या साली झालं तुमचं?"

"त्रेसष्ट. वैशाखात."

"मग ही खोटी कशी? ही तर कायद्याची आहे!"

मैत्रिणींनो, पुढचं सगळं मी त्या दुकानात उभ्या उभ्या पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन वाचून खात्री करून घेतली. १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी देशभरच्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. परकीय चलन वाचवायचं, सोन्याची चोरटी आयात थांबवायची, म्हणून जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. नियम असा की, यापुढे नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत.

आता चोवीस कॅरेट म्हणजे शंभर टक्के सोनं धरलं, तर बावीस कॅरेट म्हणजे साधारण ब्याण्णव टक्के. हॉलमार्कवर आपण ९१६ वाचतो ते हेच. आणि चौदा कॅरेट म्हणजे अठ्ठावन्न टक्क्यांच्या थोडं वर. मशीननं दाखवलेला आकडा अगदी तोच! ते सराफ म्हणाले, "ताई, फसवणारा सोनार असा मोजून मापून बरोबर चौदावर थांबत नसतो. ज्यानं ही घडवली, त्यानं कायदा पाळून, प्रामाणिकपणे घडवली."

त्या नियमानं सोनारांचं काय झालं, तेही त्यांनी सांगितलं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ. हातोडीखाली पसरतं, तार ओढावी तशी निघते. चौदाचं कडक, लवकर काळवंडतं. पिढ्यान्‌पिढ्या मऊ सोन्यावर बसलेला हात त्यावर चालेना. गिऱ्हाईकही फिरकेना. देशभर हजारो कारागिरांचा धंदा बसला. काहींनी जीव दिल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. काही जण चोरून बावीसचं करतच राहिले. चौदा कॅरेटची ती अट काही वर्षांनी उठली. १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० साल उजाडलं.

मी विचारलं, "पण एवढा मोठा कायदा, तर १९७२मध्ये कुणालाच कसा आठवला नाही?" ते नुसते हसले. उत्तर मला घरी येताना सुचलं. कुणाला तरी आठवला असणारच. पण सुनेच्या माहेराला बोल लावायला एक कारण आयतं मिळालेलं असताना, ते हातचं कोण घालवणार? माझ्या आजीला मी वाईट म्हणत नाही. तिनंही तिच्या काळी असलंच काही ऐकलं असेल. पण एका न सांगितलेल्या गोष्टीपायी एक बाप आणि एक लेक आठ वर्षं एकमेकांशी मोकळं बोलले नाहीत, आणि मग तो बाप गेलाच. याची घट कोणत्या मशीनवर मोजायची?

दुकानाच्या पायरीवर आई बसली. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हंजे माह्या बापानं मले खोटं सोनं नोतं देल्लं." आणि थोड्या वेळानं, "मी काहून नाही इचारलं वं त्याले?"

मला काही सुचलं नाही. तिथून अंबादेवी जवळ. आम्ही देवळात गेलो. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला कृष्णानं इथूनच नेलं, असं आपल्याकडे सांगतात. आईनं ओटी भरली, आणि येताना एकदाणी स्वतःच्या गळ्यात घालून आली. पन्नास वर्षांनी!

आता गंमत बघा. आईचे बावीस कॅरेटचे सगळे दागिने मोडले गेले, कारण त्यांना भाव होता. एकदाणी राहिली, कारण ती 'खोटी' होती. आणि सोनं कडक म्हणून साठ वर्षांत एक मणी चेपलेला नाही. हे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात ठोकून घ्यायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि आत लाख भरायची. मग पटवेकऱ्यानं ते रेशमात गाठायचे. मणी घडवणारा वेगळा, गाठणारा वेगळा. सराफाच्या तराजूवर मात्र या दोन्ही हातांना वजन नसतं. लाख वजा, घट वजा, उरलं ते सोनं. दागिना मोडताना आपण नेमकं तेच मोडतो, ज्याचे पैसे मिळत नाहीत.

माझ्या शाळेतली एक मैत्रीण वाशीमकडच्या तांड्यावरची. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे तर हेच झालं." तिच्या आजीचा आरसे आणि कवड्या लावलेला फेटिया, भरलेली कांचळी, केसांत अडकवायची चांदीची घुगरी-टोपली. बंजारा समाजात घुगरी-टोपली हे लग्न झाल्याचं लेणं. कपड्यावरचं भरतकाम घरच्याच बायकांच्या हातचं, एकेका कपड्याला महिनोन्‌महिने लागायचे. चांदी किलोच्या भावानं विकली गेली. कांचळीचे तुकडे फेरीवाल्यानं नेले, त्यांच्या शहरात पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. आजीचं लेणं घरात नाही, म्हणून आता नातीला ते तिथं जाऊन बघावं लागतं.

शालूचीही गोष्ट अशीच. आमच्या लहानपणी दारावर जुनी जरी विकत घेणारे यायचे. जुन्या शालूची, पैठणीची जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. लुगडं जाळून ते चांदी काढत. दोन्ही काकूंनी आपापले शालू दिले, बदल्यात पैसे आले, भांडी आली. आईनं दिला नाही. त्याचं कारण तिनं आत्ता सांगितलं. "एकदाणी खोटी निघाली, जर बी खोटी निघाली असती तं?" म्हणून तो शालू वाचला! यावेळी एका जाणकार रफूगाराला दाखवला. त्यानं सुटलेला एक धागा नखानं खरवडून पाहिला. नकली जरीत खालचं तांबं लाल दिसतं, हल्ली तर नुसती चकचकीत प्लास्टिकची पट्टी असते. इथे चांदी निघाली. अस्सल.

पण घडीवर शालू चिरला होता. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथंच फाटतं. रफूगारानं आतून जाळीचं अस्तर लावून दिलं. त्यानं सांगितलेलं तुमच्यासाठीही लिहून ठेवते. जरीचं वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुवट सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. नेसल्यावर अत्तराचा फवारा त्यावर मारू नका. आणि लाखेचे मणी कधीही गरम पाण्यात टाकू नका, कोमट ओल्या फडक्यानं पुसा.

सोन्याचंही एक सांगते. एप्रिल २०२३पासून दुकानात हॉलमार्कचा दागिना घेताना त्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असलाच पाहिजे. तो बघून घ्या. हॉलमार्क आता चौदा कॅरेटलाही मिळतो, त्यावर ५८५ असं लिहिलेलं असतं. मोठ्या शोरूममध्ये हिऱ्याचे नाजूक दागिने चौदा कॅरेटमध्येच मांडलेले असतात आणि मुली ते हौसेनं घेतात. कुणी त्यांना खोटं म्हणत नाही. काळाचा महिमा, दुसरं काय! आणि घरातला जुना दागिना मोडायच्या आधी तो कधीचा, कुणी केला, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. उत्तर देणारं माणूस असेपर्यंतच विचारता येतं.

गेल्या वैशाखात लेकीचं लग्न झालं. अष्टपुत्री सोडून ती डाळिंबी शालू नेसून आली, गळ्यात आजीची एकदाणी. पटवेकऱ्याकडून नवीन गोफ घातला, बाकी काही केलं नाही. दादानं आधी सुचवलं होतं, की हे देऊन थोडे पैसे घालू आणि आजच्या फॅशनचा हार करू. आईनंच त्याला गप्प केलं. मांडवात ती प्रत्येकीला हाताला धरून सांगत होती, "चौदा कॅरेटची हाये बरं! मोरारजीच्या कायद्यातली. माह्या बापानं देल्ली." ऐकणारीला काही कळायचं नाही, ती नुसती "हो का?" म्हणायची. आईला तेवढं पुरत होतं.

पाठवणी झाल्यावर पितळी डबी लेकीच्या हवाली करायची होती. आई मला म्हणाली, यात एक चिठ्ठी टाक. मी वही घेऊन बसले. लग्नाचं साल, गावाचं नाव, दोन तोळे वजन, मण्यांची संख्या, चौदा कॅरेट, सगळं लिहिलं. तिला वाचून दाखवलं.

"आन्‌ खाली लिहिजो," ती म्हणाली, "बापानं देल्ली. खोट नाही."