दोन सेंटिमीटर, दोन मीटर

तेलवाहू जहाजांमध्ये व्हीएलसीसी नावाचा एक वर्ग आहे. लांबी सुमारे 330 मीटर, रुंदी 60 मीटर आणि पोटात 20 लाख बॅरल कच्चं तेल. एका बॅरलमध्ये 159 लिटर मावतं, म्हणजे एकूण 31 कोटी 80 लाख लिटर. पेट्रोल पंपावर येणारा 20 हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. एवढं तेल वाहायला असे 15,900 टँकर लागतील, आणि ते एकाला एक चिकटवून उभे केले तर मुंबईत सुरू झालेली रांग पुण्यापर्यंत पोचेल. जुन्या जहाजांत या सगळ्या तेलाच्या आणि समुद्राच्या मध्ये काय असायचं? पोलादाचा एक पत्रा. जाडी साधारण दोन सेंटिमीटर.

याला सिंगल हल, म्हणजे एकेरी कवच, म्हणतात. डबल हलमध्ये बाहेरच्या पत्र्याच्या आत दुसरा पत्रा असतो आणि मधली जागा मोकळी. जहाज रिकामं परतताना ते स्थिर राहावं म्हणून तिथे बॅलास्टचं पाणी भरतात, तेल कधीच नाही. ही जागा किती असावी, याचं सूत्र मारपोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. बाजूंसाठी जहाजाच्या डेडवेट टनांना, म्हणजे ते वाहू शकतं त्या वजनाला, 20 हजाराने भागायचं आणि अर्धा मीटर मिळवायचा. तळासाठी जहाजाच्या रुंदीला 15ने भागायचं. पण दोन्हीकडे उत्तर 2 मीटरच्या वर गेलं तर 2 मीटरच पुरे. 60 मीटर रुंद जहाजाच्या तळासाठी सूत्र 4 मीटर सांगतं, नियम 2वर थांबतो. बाजूंचं तर आणखी गमतीचं आहे: 30 हजार टनांच्या जहाजाला जेवढी जागा सक्तीची, तेवढीच 3 लाख टनांच्या जहाजाला. बांधणारे प्रत्यक्षात जास्त जागा सोडतात, हा त्यांचा शहाणपणा.

त्या दोन मीटरांत माणसाला उतरावं लागतं. आधी आतली हवा मोजायची, मग हातात टॉर्च घेऊन खाली जायचं आणि पत्रा कुठे गंजला, कुठे तडकला ते बघत पुढे सरकायचं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला भिंतीत जे भोक असतं, त्याचं किमान माप 600 बाय 800 मिलिमीटर. तीन फुटबॉल मैदानांहून लांब जहाज तपासायचं ते असं रांगत.

आता टनांकडे येऊ, कारण खरं चक्रावून टाकणारं गणित तिथे आहे. जुलै 1979मध्ये टोबॅगोजवळ अटलांटिक एम्प्रेस हे जहाज दुसऱ्या टँकरवर आदळलं आणि 2 लाख 87 हजार टन तेल गेलं. टँकरमधून झालेली ही आजवरची सगळ्यात मोठी गळती. 1991मध्ये अंगोलापासून 700 सागरी मैलांवर एबीटी समर जहाजाचं 2 लाख 60 हजार टन तेल गेलं. ही नावं आज कोणाच्या ओठांवर नाहीत. एक्सॉन वाल्डेझ मात्र सगळ्यांना ठाऊक. 24 मार्च 1989 रोजी अलास्कात ब्लाय रीफवर ते घुसलं, 11पैकी 8 टाक्या फाटल्या आणि सुमारे 37 हजार टन तेल बाहेर आलं. मोठ्या गळत्यांच्या यादीत ते पहिल्या तीसमध्येही येत नाही. पण ते तेल सुमारे 2,100 किलोमीटर किनाऱ्याला लागलं, अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले, आणि हे सगळं अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून सिंगल हलला मुदत घातली. 1992मध्ये मारपोल करारातही तसा नियम आला.

कायदा टन मोजत नाही, कोणाचा किनारा काळा झाला ते बघतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या तारखा बघा. 1992च्या नियमाने जुन्या जहाजांना जास्तीत जास्त 30 वर्षांचं आयुष्य दिलं होतं. 1996पर्यंत एकेरी कवचाची जहाजं ताब्यात मिळत होती, म्हणजे शेवटचं जहाज 2026मध्ये निवृत्त झालं असतं. डिसेंबर 1999मध्ये 24 वर्षांचं एरिका हे टँकर जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर दोन तुकडे होऊन बुडालं. त्यावरचे 26 खलाशी भारतीय होते, सगळे वाचले. सुमारे 20 हजार टन जड इंधनतेल गेलं आणि मुदत 2015वर आली. नोव्हेंबर 2002मध्ये 26 वर्षांचं प्रेस्टिज हे टँकर जहाज स्पेनच्या गॅलिशियासमोर तडकलं. त्याला बंदरात घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ओढून खोल समुद्रात नेलं. सहा दिवसांनी तेही दुभंगलं. सुमारे 63 हजार टन तेल गेलं आणि मुदत 2010 झाली. एरिकाच्या 20 हजार टनांनी 11 वर्षं कापली, प्रेस्टिजच्या 63 हजार टनांनी 5. त्रैराशिक मांडू नका, जमणार नाही.

2010लाही पळवाट होतीच. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याने परवानगी दिली तर काही जहाजं 2015पर्यंत किंवा वयाची 25 वर्षं भरेपर्यंत चालू शकत. मुदतीच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर 2007मध्ये, दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगरून उभ्या असलेल्या हेबेई स्पिरिट या सिंगल हल व्हीएलसीसीवर एक क्रेनवाहू तराफा येऊन आदळला. सुमारे साडेदहा हजार टन तेल सांडलं आणि ते पुसायला 12 लाखांच्या आसपास स्वयंसेवक किनाऱ्यावर आले. भागाकार केला तर माणशी जेमतेम 9 किलो. उभ्या जहाजाचे कॅप्टन आणि चीफ ऑफिसर, दोघेही भारतीय, दीड वर्ष तिथेच अडकले. त्यातले काही दिवस तुरुंगात गेले.

बाद झालेली जहाजं कुठे गेली? बरीचशी आपल्या शेजारच्या गुजरातेत, अलंगला. तिथे मोठ्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला गॅस कटरने तोडायला घेतात. 458 मीटर लांबीचं सीवाइज जायंट, माणसाने बांधलेलं सगळ्यात लांब जहाज, तेही सिंगल हल होतं. भरलेलं असताना ते साडेचोवीस मीटर पाण्याखाली असायचं, त्यामुळे इंग्लिश खाडीतूनही जाऊ शकत नसे. शेवटची काही वर्षं ते कतारच्या तेलक्षेत्रात नुसतं साठवणीची टाकी म्हणून उभं होतं. 2009च्या अखेरीस तेही अलंगला आलं. त्याचा 36 टनांचा नांगर हाँगकाँगच्या संग्रहालयात आहे, बाकीचं भंगारात गेलं. खुद्द एक्सॉन वाल्डेझही नावं बदलत, शेवटी खनिजवाहू होऊन 2012मध्ये इथेच पोचलं. तोडायची परवानगी सर्वोच्च न्यायालयातून घ्यावी लागली.

दुसऱ्या पत्र्याने जादू केली, असं मात्र समजू नका. 1970च्या दशकात टँकरमधून सुमारे 32 लाख टन तेल समुद्रात गेलं, 1990च्या दशकात 11 लाखांच्या वर, आणि 2010च्या दशकात 1 लाख 64 हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त घट सिंगल हल भरपूर फिरत होती तेव्हाच झाली. ती रडार, उपग्रह, वाहतूक नियमन आणि कडक तपासणीची कमाई. एरिका तर खडकावर आपटलंच नव्हतं, ते आतून गंजलं होतं. गंजाला दोन पत्रे म्हणजे दुप्पट खुराक. शिवाय 2010च्या दशकातल्या गळतीत 1 लाख 13 हजार टनांचा वाटा एकट्या सांची जहाजाचा, आणि ते डबल हल होतं. जानेवारी 2018मध्ये पूर्व चीन समुद्रात टक्कर होऊन ते जळालं, 32 जण गेले. वाल्डेझला डबल हल असतं तर गळती 25 ते 60 टक्क्यांनी कमी झाली असती, असा अमेरिकी तटरक्षकांचा अंदाज आहे. माझ्या लेखी दोन मीटरांची खरी किंमत एवढीच, आणि ती कमी नाही.

आपल्या किनाऱ्याला असलेला धोका मात्र टँकरपुरता नाही. मालवाहू जहाजांच्या इंधनटाक्यांनाही दुहेरी कवच हवं, असा नियम 1 ऑगस्ट 2010पासून लागू झाला. सहाच दिवसांनी, 7 ऑगस्टला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन इंधनतेल गेलं, तिवरं काळी पडली, मासळी बाजार बसला. पण तो नियम त्या तारखेनंतर मालकाच्या ताब्यात आलेल्या जहाजांपुरता आहे. मे 2025मध्ये कोचीसमोर बुडालेलं एमएससी एल्सा-3 हे 1997चं होतं, त्याच्या टाक्यांत साडेचारशे टन डिझेल आणि फर्नेस ऑइल होतं. टँकरना निदान 2010 ही तारीख मिळाली. या जुन्या इंधनटाक्यांना शेवटची तारीख अजून कोणी दिलेली नाही.