अनोळखी माणसांचा भरवसा

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशा दोघांची नावे जोडून त्याने तिला ‘डेबियन’ म्हटले. लिनस टोरवाल्ड्सचे लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा केवळ गाभा. त्याभोवती लहानमोठे असंख्य प्रोग्रॅम नीट बसवल्याशिवाय सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही. ही बसवणूक एखाद्या कंपनीने न करता, ज्याला यावेसे वाटेल त्याने येऊन करावी, अशी मर्डॉकची कल्पना होती. २०२३ मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. ती सांभाळणाऱ्यांना डेबियन पगार देत नाही. काहींना त्यांची कंपनी या कामासाठी वेळ देते; बाकीचे रात्री आणि रविवारी बसतात.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयी मराठीत लिहिताना इर्जिकीची उपमा द्यावीशी वाटते. एकाच्या शेताच्या नांगरणीला गाव आपापल्या बैलजोड्या घेऊन येई आणि मोबदला म्हणजे पोटभर जेवण. पण उपमा एका जागी लंगडी पडते. इर्जिकीला आलेला माणूस कोणाचा कोण, त्याचा बैल मारका आहे की गरीब, हे गावाला ठाऊक असे. इथे मदतीला येणारा हा बहुधा एक नाव आणि एक ई-मेल पत्ता एवढाच असतो. मग भरवसा कशावर ठेवायचा?

डेबियनने याचे उत्तर फार गांभीर्याने शोधले. १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ झाला. आमचे सॉफ्टवेअर मुक्तच राहील आणि त्यातील दोष आम्ही लपवणार नाही, अशी हमी त्यात वापरकर्त्यांना दिली आहे. त्याच करारातील मुक्ततेच्या निकषांवरून पुढच्या वर्षी ‘ओपन सोर्स’ची सर्वमान्य व्याख्या घडली. १९९८ मध्ये लिखित घटना आली. प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडतात, आणि मतदार एकाच उमेदवारावर शिक्का न मारता सर्वांचा पसंतीक्रम लावतो. मला सर्वांत लक्षणीय वाटते ती सभासदत्वाची रीत. प्रत्येक सभासदाकडे स्वतःची डिजिटल किल्ली असते. ती त्याचीच आहे, याची साक्ष आधीचे सभासद देतात आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र पाहण्याची प्रथा आहे. जगभर विखुरलेल्या, पडद्याआड काम करणाऱ्या माणसांनी भरवशाचा पाया म्हणून अखेर समोरासमोरची भेटच निवडली. २०२३ चे डेबियनचे वार्षिक संमेलन केरळात कोची येथे भरले, तेव्हा तिथेही भाषणांइतकेच महत्त्व अशा भेटींना होते.

एवढा चोख दरवाजा असूनही एक भिंत उघडी होती. डेबियन बहुतेक प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. जगभरच्या लेखकांनी लिहिलेले घेते आणि नीट बांधून देते. त्या मूळ लेखकांपैकी कित्येक जण एकटे असतात. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन असेच. त्याची निगा फिनलंडचा लासे कोलिन वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने राखत होता.

२०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी त्याला दुरुस्त्या पाठवू लागले. कामे चांगली होती. २०२२ मध्ये इतर काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या: सुधारणा वेळेवर येत नाहीत, प्रकल्प दुसऱ्याच्या हाती द्या. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, याची आठवण कोलिनने त्यांना करून दिली. दबाव थांबला नाही. जिया टॅनला हळूहळू अधिकार मिळत गेले आणि नव्या आवृत्त्याही तोच प्रसिद्ध करू लागला. तक्रार करणारी ती नावे पुढे कुठेच दिसली नाहीत. तीही याच कटातली असावीत, असे आता मानले जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सझेडची ५.६.० ही आवृत्ती आली. चाचणीसाठी ठेवलेल्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत चोरदरवाजा दडवला होता. तो उघडणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हती, फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. संहिता खुली आहे म्हणजे ती कोणीतरी वाचलेलीच असणार, हा आपला लाडका समज इथे उघडा पडला. लक्ष्य होते एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचा जगन्मान्य मार्ग. खरे तर एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. डेबियन आणि इतर काही वितरणांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या एका जोडणीमुळे ते आडवाटेने आत येत होते.

पकडले कसे, हे ऐकून हसू येते आणि थोडा घामही फुटतो. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होता. त्याच्या संगणकावर डेबियनची कच्ची, चाचणीसाठीची शाखा होती. एसएसएचने आत शिरायला आधी ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागत होते. एवढ्या अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्याने दिले. धागा ओढत तो चोरदरवाजापर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. स्थिर डेबियनमध्ये ही आवृत्ती अजून पोहोचली नव्हती. नवे काही आले की ते आधी कच्च्या शाखेत महिनोन्महिने मुरवायचे, या डेबियनच्या पद्धतीला लोक जुनाट म्हणून नावे ठेवतात. या वेळी ती कामी आली.

किल्ल्या, साक्षी आणि पसंतीक्रमाची मतदाने डेबियनच्या आत शाबूत होती. हल्ला झाला तो त्याबाहेर, एका दमलेल्या माणसाच्या एकटेपणावर. आणि त्याचे हत्यार फारसे तांत्रिक नव्हते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल ‘अजून का नाही झाले?’ असे विचारणारे वापरकर्ते या जगात इतके आहेत, की त्यांचे सोंग घेणाऱ्यांना कोणी ओळखलेच नाही.

जिया टॅनचे खाते त्यानंतर गप्प झाले. कोलिन मात्र परत कामाला बसला. मागचे सारे बदल तपासून, चोरदरवाजा काढून त्याने मे २०२४ मध्ये एक्सझेड ५.६.२ प्रसिद्ध केले.