व्हॉट्सॲप सहा तास बंद पडलं, तेव्हा इंजिनिअर्सना थेट डेटा सेंटर का गाठावं लागलं होतं?

४ ऑक्टोबर २०२१. सोमवारची रात्र. सव्वानऊच्या सुमारास लोकांनी आधी वायफाय बंद-चालू करून बघितलं, मग फोन रीस्टार्ट केला आणि शेवटी ट्विटरवर जाऊन विचारलं, "तुमचं पण बंद आहे का?" व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम गेले होते. परत यायला सहा तास लागले. आपल्याकडे तोवर पहाटेचे तीन वाजून गेले.

इतक्या मोठ्या कंपनीला एवढा वेळ का लागला?

हे समजून घ्यायचं तर आधी आपल्या डोंगरावरच्या मोबाईल टॉवरकडे बघावं लागेल.

टॉवरवर चोवीस तास माणूस बसलेला नसतो. तरीही तिथली लाईट गेली की शेकडो किलोमीटरवर एका हॉलमध्ये बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं. या हॉलला म्हणतात नेटवर्क ऑपरेशन सेंटर, बोलीभाषेत 'नॉक'. टॉवरच्या पायथ्याशी एक छोटी पेटी असते. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, खोली तापली, दार उघडलं, वरचा लाल दिवा विझला अशा प्रत्येक गोष्टीची वायर या पेटीत येते. पेटी ते वाचते आणि नॉकला मेसेज पाठवते.

टॉवरच्या बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या असतात. लाईट गेल्यावर व्होल्टेज हळूहळू उतरायला लागतं आणि टॉवर अजून किती वेळ तग धरेल याचा अंदाज नॉकमध्ये येतो. जनरेटर बंद आहे आणि टाकीतलं डिझेल मात्र कमी होतंय, असं दिसलं तर ते कुठे चाललंय हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत अशी, की नॉकमध्ये अलार्म कमी पडत नाहीत. उलट जास्त होतात. रस्त्याच्या कामात जेसीबीने एक फायबर तोडली, की त्या लाईनवरचे सगळे टॉवर एकाच वेळी ओरडायला लागतात. स्क्रीन लाल होते. म्हणून "हे सगळं एकाच तुटलेल्या केबलमुळे आहे" हे ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. नाहीतर माणूस पन्नास ठिकाणी फोन करत बसेल.

पण ओरडणाऱ्या अलार्मपेक्षा मोठा धोका असतो तो न वाजणाऱ्या अलार्मचा.

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी नावाच्या वीज कंपनीची कंट्रोल रूम. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिथली अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या एका बगमुळे गप्प झाली. ती बंद पडलीये, हे सांगणारा अलार्मच नव्हता. स्क्रीन शांत, त्यामुळे ऑपरेटरही निवांत. बाहेर मात्र विजेच्या मोठ्या लाईन्स झाडांना टेकून एकेक करत बंद पडत होत्या. दुसऱ्या कंपन्यांचे फोन येत होते, तरी आपली स्क्रीन खोटं सांगतीये हे कळायला तासाहून जास्त वेळ गेला. चारच्या पुढे सगळं साखळीसारखं कोसळलं. न्यूयॉर्क, डेट्रॉईट, कॅनडातलं टोरंटो, सगळीकडे अंधार. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

म्हणूनच पेटीतली वायरिंग बऱ्याचदा उलटी ठेवतात. सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं असतं आणि बिघाड झाला की तुटतं. त्यामुळे उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म वाजतो. शिवाय नॉक स्वतःच ठराविक वेळाने पेटीला "आहेस का?" असं विचारत राहतं. उत्तर आलं नाही, तर तोही अलार्मच.

आता परत फेसबुककडे येऊ.

त्या दिवशी झालं असं, की देखभालीच्या रोजच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना एकमेकांशी जोडणारं संपूर्ण नेटवर्क तुटलं. अशी चुकीची कमांड अडवायला एक तपासणी सॉफ्टवेअर होतं, त्यातच बग निघाला. मग पत्ता सांगणारे सर्व्हरही इंटरनेटवरून गायब झाले.

बिघाड झालाय हे कंपनीला कळलं होतं. अडचण पुढे होती. दुरुस्त करायला आत जायचं कसं? नेहमीचा रस्ता त्याच तुटलेल्या नेटवर्कवरून जात होता. इंजिनिअर्सची अंतर्गत साधनंही त्याच पत्त्यांवर अवलंबून होती. अडचणीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही चाललं नाही. घराची किल्ली घरातच ठेवून दार लावून घेतल्यासारखा प्रकार. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवली. तिथली सुरक्षा इतकी कडक, की आत शिरून मशीनला हात लावेपर्यंतच बराच वेळ गेला.

पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०२२ ला, कॅनडाच्या रॉजर्स कंपनीचं तेच झालं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद. नेटवर्क सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा रस्ता त्याच नेटवर्कवरून होता आणि त्यांच्या खिशातले मोबाईलही रॉजर्सचेच. म्हणजे बिघाड कुठे आहे ते बघता येईना आणि एकमेकांशी बोलताही येईना.

यावर उपाय जुनाच आहे. देखरेखीचा रस्ता मुख्य नेटवर्कपासून वेगळा ठेवायचा. एखाद्या ठिकाणी ते काम दुसऱ्या कंपनीच्या सिमवर होतं, तर जिथे काहीच पोचत नाही तिथे सॅटेलाइटवर. खर्च वाढतो आणि वर्षानुवर्षं तो रस्ता रिकामाच पडून असतो. त्यामुळे बजेट कापताना सगळ्यात आधी नजर जाते ती त्याच्यावरच.