खेळ आणि कॅमेऱ्याची नजर

कुस्तीचा फड रंगला म्हणजे सर्वांचे डोळे आखाड्याकडे लागतात. परंतु प्रत्येकाला दिसणारी कुस्ती एकच नसते. समजा, विंचूर गावी दोन मल्ल झुंजत आहेत. पूर्वेकडे बसलेले लोक ‘चीत झाला!’ म्हणून गर्जना करतात, तर पश्चिमेकडचे ‘नाही, नाही!’ म्हणून ओरडतात. यांत खोटे कोणीच बोलत नाही. पूर्वेकडच्यांना मल्लाची पाठ मातीला लागलेली दिसली. पश्चिमेकडच्यांच्या दृष्टीआड त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा देह आला. आपण काय पाहतो, हे आपण कोठून पाहतो यावर अवलंबून असते.

कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत मलबार टेकडीवरील उद्यानात झालेली एक कुस्ती चित्रपटाच्या फितीवर टिपली. कॅमेरा त्यांनी इंग्लंडहून मागविला होता आणि टिपलेली फीतही प्रक्रियेसाठी तिकडेच पाठवावी लागली. कॅमेऱ्याची जागा आधीच नीट निवडणे किती अगत्याचे होते, हे यावरून ध्यानात येईल. एकदा निसटलेला डाव पुन्हा टिपता येत नसे.

जागेप्रमाणे काळावरही कॅमेऱ्याची सत्ता चालते. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतल्यामुळे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर थोड्या अवधीत दिसू लागली. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा प्रसिद्ध चित्रपट त्यानंतर १९१३ साली प्रदर्शित झाला.

आजच्या संगणकीय खेळांत याहून निराळे नवल आढळते. अनेक खेळांत सामना संपल्यावर त्याचे पुनर्दर्शन घडते. तेथे बहुधा चित्रे साठविलेली नसतात. कोणत्या क्षणी कोणी कोणती हालचाल केली, याची नोंद तेवढी असते. बुद्धिबळाच्या लिहून ठेवलेल्या चाली पाहून आपण जुना डाव पटावर पुन्हा मांडतो, तसाच संगणक त्या नोंदीवरून सामना पुन्हा उभा करतो. पट मांडला, की तो कोणत्याही बाजूने पाहता येतो. म्हणूनच या खेळांतील कॅमेरा आकाशात न्यावा, खेळाडूच्या पाठीशी ठेवावा अथवा जमिनीलगत आणावा. तो खरा कॅमेरा नव्हेच. कोठून पाहावे, हे संगणकाला सांगणारा तो एक बिंदू होय.

असे स्वातंत्र्य लाभले, की नवशिका कॅमेरा सैरावैरा फिरवितो आणि पाहणाऱ्याला भोवळ येते. तेव्हा काही पथ्ये पाळावीत. प्रथम संपूर्ण मैदान दाखवावे, म्हणजे कोण कोठे आहे हे कळते. मगच जवळून पाहावे. दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. तो एकाएकी दुसऱ्या बाजूस गेला, तर डावीकडचा खेळाडू उजवीकडे दिसून घोटाळा होतो. धावणाऱ्याच्या पुढे थोडी मोकळी जागा सोडावी. कॅमेऱ्याची गती हळूहळू वाढवावी व हळूहळू थांबवावी. पुष्कळ ठिकाणी आरंभीची व अखेरची जागा नेमून दिली, की मधला मार्ग संगणकच आखतो. हाताने कॅमेरा चालविण्यापेक्षा ही रीत सुरळीत ठरते. गती मंद करणे मात्र निर्णायक क्षणापुरतेच राखून ठेवावे. प्रत्येक क्षण मंद केला, तर महत्त्वाचा कोणता, हे कळेनासे होते.

या साऱ्या पथ्यांहून मोठे पथ्य प्रामाणिकपणाचे आहे. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. परंतु त्याची जागा निवडणारा माणूस सत्य झाकू शकतो. आपल्या मित्राची आगळीक दिसू नये, अशा कोनातून सामना दाखविणे ही लबाडीच होय. जेथे वाद असेल, तेथे तोच क्षण दोन बाजूंनी दाखवावा. मग पूर्वेकडच्यांना काय दिसले आणि पश्चिमेकडच्यांना काय दिसले नाही, हे दोघांनाही उमगते. पंच जसा कोणाचा पक्ष घेत नाही, तसे कॅमेरा हाती असणाऱ्याने वागले पाहिजे.