क्रूझचे भाडे आणि जहाजाचा आकार
जाहिरातीतील भाडे पाहून क्रूझचे आरक्षण करणे धाडसाचे ठरते. त्या रकमेत केबिन, भोजन व बहुतेक करमणूक येते. बंदरशुल्क, कर्मचाऱ्यांसाठी दररोज माणशी आकारली जाणारी टिप, मद्य, इंटरनेट व किनाऱ्यावरील सहली बहुधा वेगळ्या. हे सारे मिळवून दर रात्रीचा माणशी खर्च काढावा, मगच कंपन्यांची तुलना करावी.

जहाजाच्या आकारालाही भुलू नये. सकल टनेजला (हे वजन नव्हे, जहाजाच्या अंतर्भागाच्या आकारमानाचे माप) प्रवासीसंख्येने भागल्यास ऐसपैसपणा कळतो. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज सुमारे २ लाख ४८ हजार आणि केबिनमागे दोघे धरून प्रवासी ५,६१०, भागाकार ४४. क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’चे टनेज सुमारे १ लाख ४९ हजारच, पण प्रवासी २,६९१; भागाकार ५५. अर्थात, मुलांना हव्या असलेल्या पाण्याच्या घसरगुंड्या पहिल्याच जहाजावर आहेत.