पाणी, लाट आणि व्यक्तिगत मिथक

ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) या संग्रहापासून मराठीत दुर्बोधतेची जी चर्चा चालत आली, तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे : कवीने स्वतःपुरते रचलेले मिथक वाचकाचे केव्हा होते? दृश्यकलेत हाच प्रश्न १९७२ साली जर्मनीतील कासेल येथील पाचव्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात ठळक झाला. संयोजक हाराल्ड झेमान याने तेथील एका विभागालाच 'व्यक्तिगत मिथके' असे नाव दिले होते.

या प्रश्नाच्या विचारासाठी चिलीचे कवी राऊल सुरिता यांचे 'वेदनेचा समुद्र' हे मांडणशिल्प विशेष उपयुक्त ठरते. सुदर्शन शेट्टी यांच्या संयोजनाखाली २०१६च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची द्वैवार्षिकीत ते मांडले गेले. एका जुन्या लांबट गुदामात समुद्राचे उथळ पाणी भरलेले. दोन्ही भिंतींवर प्रश्नार्थक ओळी. आणि पाणी तुडवीत पलीकडे पोहोचणाऱ्यालाच वाचता येईल अशी समोरच्या भिंतीवरील कविता. वाचकाच्या प्रत्येक पावलागणिक लाट उठते. म्हणजे येथे लाट ही वर्णिलेली प्रतिमा नसून वाचनाची क्रियाच होय. कविता गालिब कुर्दी या मुलाला उद्देशून आहे. २०१५ साली त्याचा धाकटा भाऊ आलान याच्या किनाऱ्यावरील मृतदेहाचे छायाचित्र जगभर पोहोचले. त्याच वेळी बुडालेल्या गालिबचे तसे छायाचित्र नाही. सुरिता स्वतः १९७३च्या लष्करी उठावानंतर जहाजाच्या तळघरात बंदी होते, आणि त्या राजवटीने आपले बळी समुद्रात टाकले होते. त्यांचे समुद्राचे मिथक व्यक्तिगत खरे, पण ते एकट्याचे राहत नाही, कारण ते दुसऱ्याच्या नाहीशा झालेल्या देहाला जागा देते. केवळ आत्मनिष्ठा एवढे साधत नाही.

अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या परिसरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे हे मांडणशिल्प ठेवल्यास अडचण निराळीच येते. समुद्राची लाट त्याच्या नित्याच्या अनुभवात नाही. त्याच्या परिसरात पाण्याचे मोजमाप कालव्याच्या आवर्तनाने होते. २०१२-१३च्या दुष्काळात तर जालना जिल्ह्याने पाण्याचा अभावच अनुभवला. (अशा ठिकाणी 'लाट' म्हटल्यावर उन्हाचीच आठवण आधी यावी, हे स्वाभाविक आहे.) तथापि पाण्याने देह सामावून घ्यावा, ही कल्पना गोदाकाठाला परकी नाही. नदीच्या वरच्या अंगाला पैठण येथे एकनाथांनी १५९९ मध्ये जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. त्याच पैठणजवळ, १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयास 'नाथसागर' हे नाव मिळाले. समुद्र नसलेल्या प्रदेशाला सागर लाभला, तो एका संताच्या नावाने. संताचे मिथक अशा रीतीने सार्वजनिक झाले. परंतु त्याच पाण्याखाली गेलेल्या गावांची शिवारे, देवळे आणि स्मशाने त्या नावात कोठेच नाहीत. सुरितांच्या गुदामातून बाहेर पडून नाथसागराकडे पाहणाऱ्या वाचकाला गालिब तेथे शोधावा लागतो.